दोन कॉलम, दहा सेंटीमीटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. कात्री लावावीच लागली तर मधल्या हिशेबाला लावा, शेवटच्या मागणीला लावू नका, एवढी विनंती. मागणी अशी की ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या गाण्यांच्या कार्यक्रमांच्या आणि प्रदर्शनांच्या नोंदींसाठी तुमच्या अंकात थोडी जागा मिळावी.

चरईत आमचा छपाईचा छोटा व्यवसाय आहे. सासऱ्यांनी १९७४ साली एक ट्रेडल मशीन (पायानं चालवायचं छपाईयंत्र) आणि थोडे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, घेऊन तो सुरू केला. १९८९ मध्ये लग्न होऊन मी या घरात आले आणि सहा महिन्यांत खिळे जुळवायला शिकले. अक्षर उलटं वाचायची सवय मला तेव्हापासूनची आहे. पुढे स्क्रीन प्रिंटिंग आलं, म्हणजे जाळीतून शाई दाबून छापणं, मग संगणक आणि त्यावरची पेजमेकर, श्रीलिपी ही सॉफ्टवेअर. आज आमचं पोट लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानांच्या कापडी पिशव्या आणि गणपतीतल्या पावतीपुस्तकांवर चालतं. चित्रकलेचं शिक्षण मी घेतलेलं नाही. जे काही शिकले ते तुमच्या वर्तमानपत्रातून, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

माझ्याकडे दोनशे पानांची एक वही आहे. तिच्यात नाटकांच्या जाहिरातींची कात्रणं चिकटवली आहेत. शनिवार-रविवारचा अंक आला की घरातले बाकीचे बातम्या वाचायचे, मी नाटकांचं पान काढून बसायची. प्रयोग बघायला नव्हे. गडकरी रंगायतन घरापासून दहा मिनिटांवर असूनही तेव्हा दोन तिकिटांचे पैसे जड व्हायचे. मी बघायची अक्षरं. नाटक गंभीर आहे की विनोदी, रहस्य आहे की कौटुंबिक, हे नावाच्या अक्षरांवरून कळायचं. एखाद्या काना-मात्रेला दिलेला नुसता झोक, एखाद्या वेलांटीची लांबवलेली शेपटी, आणि सगळा भाव उभा. ती अक्षरं कापून मी लग्नपत्रिकांवर ‘शुभविवाह’ तसा लिहून बघायची. त्यातली कितीतरी अक्षररचनाकार कमल शेडगे यांची आहेत हे मला फार उशिरा समजलं. जुलै २०२० मध्ये ते गेल्याची बातमी वाचली तेव्हा दुकान टाळेबंदीमुळे बंद होतं. मी वही काढली आणि पहिल्यांदा प्रत्येक कात्रणाखाली पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहिलं, जिथे खात्री होती तिथे.

सांगायचं हे की मला चांगलं डिझाइन पहिल्यांदा दिसलं ते वर्तमानपत्राच्या पानावर, दोन रुपयांच्या आत, घरबसल्या. कुणी निमंत्रण दिलं नव्हतं, कुणी ‘तुम्हाला यातलं काय कळतं’ असं विचारलं नव्हतं.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ऐरोलीचा एक मुलगा आणि बेलापूरची एक मुलगी दुकानात आले. दोघंही तेवीस-चोवीसची. त्यांना एका गाण्याच्या कार्यक्रमाची पोस्टरं छापून हवी होती. पंधरा बाय वीस इंच, तीन रंग, साठ प्रती. मी नेहमीप्रमाणे सांगितलं की साठच प्रती असतील तर डिजिटल प्रिंट काढा, अर्ध्या पैशात होईल. मुलगा म्हणाला, “काकू, स्क्रीनच पाहिजे. शाई हाताला लागली पाहिजे.” गेल्या दहा वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकानं माझ्याकडे शाईसाठी हट्ट धरलेला नाही.

पोस्टरवर एकच मोठा शब्द होता: ओहोटी. मुलीनं तो हातानं काढला होता. या शब्दाची गंमत तिनं मला दाखवली. ओ, हो, टी, तिन्ही अक्षरांवर शिरोरेषेच्या वर काहीतरी आहे. दोन मात्रा आणि एक वेलांटी. तिनं त्या खाडीत जाळं बांधायला रोवलेल्या खुंटांसारख्या काढल्या होत्या, जराशा कललेल्या. आणि शिरोरेषा अखंड नव्हती. मधेमधे तुटलेली, काही ठिकाणी नुसता ओघळ.

मी ती सरळ करायला घेतली. जुळाऱ्याचा हात आहे माझा; तुटकी शिरोरेषा म्हणजे झिजलेला खिळा, तो बदलायचा, हे सासऱ्यांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. मुलीनं माझा हात धरला. म्हणाली, “काकू, रेषा तोडलेलीच राहू दे. भरतीला पाणी सरळ असतं, ओहोटीला नसतं.”

मला ते पटलं नाही. मी कागद भिंतीला लावला, दुकानाची पायरी उतरून रस्त्याच्या पलीकडे, औषधाच्या दुकानाशी जाऊन उभी राहिले आणि वळून पाहिलं. चिखल दिसला. पाणी मागे गेल्यावर चिखलावर थांबून राहिलेली डबकी दिसली. शब्द वाचायच्या आधी ओहोटी दिसली. तिथे उभी असताना मला माझ्या वहीतली ती जुनी कात्रणं आठवली. माझ्या लेखी नाटकांच्या पानाबरोबर जे संपलं होतं, ते चालू होतं. फक्त माझ्यापर्यंत येत नव्हतं.

छापायला आम्हाला पाच दिवस लागले. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो आणि फुगतो. आज पिवळा रंग मारला आणि उद्या निळा मारायला गेलं तर कागद केसभर मोठा झालेला असतो आणि कोपऱ्यातल्या जुळणीच्या फुल्या एकमेकींवर बसत नाहीत. म्हणून आम्ही साठ अधिक दहा वायाचे असे सत्तर कागद दोन दिवस नुसते दुकानात रॅकवर पसरून ठेवले, म्हणजे त्यांना जेवढं फुगायचं तेवढं आधीच फुगून घेऊ दे. मग तीन फ्रेमा, तीन जाळ्या. आधी पिवळा, मग खाडीचा तो हिरवट निळा, शेवटी काळा. मुलीला मी स्क्विजी, म्हणजे जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी, ओढायला दिली. पहिले दोन कागद तिनं बिघडवले, कारण ती मनगटानं ओढत होती; खांद्यातून ओढायची असते, एका दमात, मधे न थांबता. तिसरा जमला. जाळी उचलल्यावर खाली काळी अक्षरं ओली चमकत होती, ती बघताना तिचा चेहरा मी विसरणार नाही. आमच्या ह्यांनी त्या दिवशी तीन वेळा चहा मागवला, यावरून काय ते समजा.

कार्यक्रमाला यायचा आग्रह झाला म्हणून गेले. वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली पावडर कोटिंगचं काम चालतं, वर मुलांनी तालमीसाठी एक खोली भाड्यानं घेतलेली, भिंतींना फोमचे तुकडे चिकटवलेले. चपला बाहेर. त्रेचाळीस माणसं, बहुतेक माझ्या मुलाच्या वयाची, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर ऐरोलीच्या मुलाची आजी, आगरी पद्धतीचं लुगडं नेसलेली.

या प्रकारच्या संगीताला ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे कुठल्याही मोठ्या कंपनीशिवाय, सिनेमाशिवाय, आपलं आपण केलेलं. शब्द मला माहीत होता. आवाज मात्र अनोळखी होता. बास गिटार, ड्रम, आणि एक मुलगी पेटी वाजवत होती. पेटीचा सूर कुठल्याशा पेडलमधून, म्हणजे पायानं दाबायच्या विजेच्या डबीतून, जाऊन लांबत जायचा, थांबायचाच नाही, आणि त्यावर तो मुलगा घरात बोलतात त्याच आगरी बोलीत गात होता. गाणं होतं खाडीत निवट्या पकडण्याचं. ओहोटी लागली की चिखलातल्या बिळात हात घालून हे मासे पकडतात. त्यानं गाताना म्हटलं की हात मनगटापर्यंत चिखलात जातो. आजींनी तिथूनच मोठ्यानं दुरुस्ती केली: मनगटापर्यंत नाही, कोपरापर्यंत. कुणी हसलं नाही. पोरानं मान डोलावली आणि पुढच्या वेळी ती ओळ आली तेव्हा कोपरापर्यंत असं गायला. ज्या ठाणे खाडीचं हे गाणं, तिचा भाग २०१५ साली फ्लेमिंगोंचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे आणि २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. हे मी बातम्यांत वाचलं होतं. त्या चिखलात कुणाचा हात कोपरापर्यंत जात होता, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

मी व्यापारी बाई आहे, म्हणून हिशेब विचारला. तिकीट दोनशे रुपये. त्रेचाळीस माणसांचे ८,६०० रुपये. खोलीचे ३,०००, साऊंडवाल्याचे २,५००, माझ्या पोस्टरांचे २,४००. उरले ७००. चौघांत वाटून प्रत्येकी १७५. पण उरलेली पोस्टरं दीडशे रुपयांना एक अशी दाराशी ठेवली होती आणि त्यातली एकतीस खपली. म्हणजे ४,६५० रुपये. त्या संध्याकाळची खरी कमाई कागदाची झाली, याचा मला व्यवसाय म्हणून नव्हे, मनापासून अभिमान वाटला. पुढच्या वेळी मी फक्त कागद आणि शाईचे पैसे घेतले.

फोनवर गाणी ऐकून त्यांना काय मिळतं, हेही विचारलं. स्पॉटिफायवर २०२४ पासून असा नियम आहे की एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचा एक पैसाही मिळत नाही. बॅण्डकॅम्प म्हणून दुसरी जागा आहे, तिथे गाणं विकत घेता येतं. शंभर रुपयांचं घेतलं तर ते पंधरा रुपये ठेवतात आणि पैसे पाठवण्याचा खर्च वजा जाता बाकीचे कलाकाराला. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, त्यांनी एका शुक्रवारी आपला वाटाही सोडून दिला आणि तसे शुक्रवार पुढेही पाळले. हे ऐकून मला आमच्या मंडईतली आडत आठवली. शंभरातले पंधरा घेणारा आडत्या मला तरी चालेल.

त्या मुलांनी मला ऐकण्याची आणि बघण्याची एक यादी करून दिली. ती माझ्या बिलबुकाच्या मागच्या कव्हरवर लिहिलेली आहे. स्वदेसी नावाची रॅप करणारी मंडळी, ज्यांनी २०१९ मध्ये आरे जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांच्याबरोबर गाणं केलं. ते मी दुकानात मोठ्यानं लावलं तर शेजारचे शिंपीकाका उठून ऐकायला आले. वारली लोक तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवतात, अशा गावाजवळचे आहेत ते, त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. अक्षरांसाठी ‘एक टाइप’ ही मुंबईची संस्था. त्यांचे मुक्ता, मोदक असे देवनागरी फॉण्ट कुणालाही फुकट वापरता येतात. मोदक तर नावासारखाच गुबगुबीत, अक्षराच्या पोटात फक्त एक बारीक पांढरी रेघ. वर्षानुवर्षं संगणकावर मराठी म्हटलं की जो ‘मंगल’ समोर यायचा तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला, हेही त्याच यादीतून कळलं. रोज वापरत होते, कुणी केला ते विचारलं नव्हतं. आणि सुलेखनकार अच्युत पालव, ज्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, त्यांची सुलेखनाची शाळा आपल्या नवी मुंबईतच आहे.

यादीतल्या एका जागी मात्र मुलगी मला स्वतः घेऊन गेली. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. ठाण्याहून पनवेल गाडीत बसलं की थेट बेलापूर, तिथून रिक्षा. पस्तीस वर्षं ठाण्यात राहून मी तिथे कधी गेले नव्हते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली ही वसाहत, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. अशा तीन सातांच्या मध्ये आणखी मोठं अंगण. असं करत करत वस्ती वाढत गेलेली. गंमत अशी की एकाही घराची भिंत शेजारच्या घराला चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला पैसे जमले त्यानं शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवावी. आणि लोकांनी वाढवलीही आहे. उतरत्या कौलांची मूळ घरं आता थोडी उरली आहेत, बाकीची पाडून दोन-तीन मजली झाली. मुलीला त्याचं वाईट वाटत होतं. मला तितकंसं वाटलं नाही. घरं बदलली पण अंगणं राहिली आहेत. आम्ही गेलो तेव्हा एका अंगणात एक आजी मेथी निवडत बसल्या होत्या आणि दोन पोरी खडूनं ठिक्करपाणी आखत होत्या. पत्रिका जुळवताना मजकूर कितीही वाढला तरी चारी बाजूंची मोकळी जागा सोडायची असते, गिऱ्हाईक आणखी तीन मामांची नावं घाला म्हणालं तरी. कोरियांनी ती मोकळी जागा घराच्या मध्ये ठेवली, म्हणून ती कुणाला खाता आली नाही, असं मला तिथे उभं राहून वाटलं.

मग मी फोर्टातल्या एका गॅलरीत गेले, एकटीच. जहांगीर कलादालनात पूर्वी एक-दोनदा गेले होते, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असते, संकोच वाटत नाही. ही गॅलरी जुन्या इमारतीत, लाकडी जिना चढून वर, बंद दार, बेल वाजवायची. पहिल्या वेळी मी जिन्यातूनच परत फिरले. दुसऱ्या वेळी बेल वाजवली. आत टेबलाशी बसलेल्या मुलीनं फक्त हसून एक कागद हातात दिला. तिकीट नाही, वही भरायची सक्ती नाही. भिंतीवर बंद पडलेल्या गिरणीची जुनी हजेरीपत्रकं लावली होती आणि त्यांवर कामगारांचे चेहरे छापले होते. लांबून चेहरे, जवळ गेलं की ठिपके. मी इतकी जवळ गेले की ती मुलगी उठून आली. मी तिला म्हटलं, हात लावत नाही बाई, जाळीचा नंबर बघते आहे. ते स्क्रीन प्रिंटिंगच होतं. आमच्याकडे कोपऱ्यात उभी असते तशाच जाळीचं. एका चेहऱ्यावर काळी शाई जरा जास्त बसली होती, डोळ्याचे ठिपके एकमेकांत मिसळले होते, आणि तेवढाच एक माणूस बाकीच्यांपेक्षा थकलेला दिसत होता. कलाकारानं मुद्दाम केलं की शाई तशी पडली, मला सांगता येणार नाही. मी त्या एका कागदासमोर वीस मिनिटं उभी होते.

आता माझ्या मनातली खंत. सुधीर पटवर्धन हे देशातले नावाजलेले चित्रकार. तीसेक वर्षं त्यांनी आपल्या ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि त्याबरोबर या शहरांची, लोकलची, गिरणगावाची, रस्त्यावरच्या माणसांची चित्रं काढली. समकालीन चित्रकला मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातल्या शहरांत लोकांना बघायला मिळावी म्हणून ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे फिरतं प्रदर्शनही त्यांनीच जुळवून आणलं होतं. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन मुंबईत, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, २०१९ च्या अखेरीस भरलं. ते उतरल्यानंतर मला कळलं. कसं, तर कागदाच्या एका व्यापाऱ्यानं मला नमुना म्हणून जे गठ्ठे पाठवले, त्यात त्या प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेचा एक जादा कागद होता. माझ्याच गावच्या चित्रकाराचं प्रदर्शन, आणि मला ते रद्दीतून कळावं.

हे माझ्या एकटीचं नाही. आज या सगळ्या गोष्टींचा पत्ता फोनवर लागतो, आणि फोन मला तेच दाखवतो जे मी आधी शोधलेलं असतं. मी लग्नपत्रिकांचे नमुने शोधते, म्हणून मला दिवसभर लग्नपत्रिका दिसतात. मुलं कार्यक्रमाची बातमी इन्स्टाग्रामच्या स्टोरीत टाकतात, ती चोवीस तासांत निघून जाते. गेल्या हिवाळ्यात नेरुळला डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन आहे असं मला त्या मुलीकडून उडत उडत कळलं. मी माझ्या जावेला घेऊन रविवारी गेले. शनिवारीच संपलं होतं. आत दोन मुलं भिंतीवरून फलक उतरवत होती. त्यातल्या एकानं बिचाऱ्यानं गुंडाळलेले फलक पुन्हा उलगडून जमिनीवर पसरले आणि आम्हा दोघींना अर्धा तास सगळं समजावून सांगितलं: आंधळ्या माणसाला औषधाची पट्टी हातानं ओळखता यावी म्हणून केलेलं वेष्टन, आणि त्याचे सहा फसलेले नमुने. सात दिवसांत किती माणसं आली, असं मी विचारलं. बहुतेक आमचे आईवडील, तो म्हणाला.

संपादक महोदय, जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा कुठला रस्ता बंद, कुठून जायचं, हे सगळं वर्तमानपत्रांनी सविस्तर छापलं. ते योग्यच होतं. हजारो माणसं येणार होती. माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे त्रेचाळीस माणसं येतात आणि साठ मावतात, तिथे उरलेल्या सतरा खुर्च्या भरायला चार ओळी पुरतात. नाटकाच्या निर्मात्याला जाहिरात परवडते. वर दिलेल्या हिशेबात जाहिरातीचे पैसे कुठून काढायचे ते तुम्हीच सांगा.

म्हणून माझी मागणी. दर शुक्रवारच्या अंकात, ठाणे-नवी मुंबईच्या पानावर, दोन कॉलम रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच एवढी जागा द्या. मी मोजून पाहिलं आहे, बारीक पण वाचता येईल अशा अक्षरात तिथे दहा ते बारा नोंदी बसतात. प्रत्येक नोंदीत एवढंच: काय आहे, कुणाचं आहे, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, तिकीट आहे की नाही, जवळचं स्टेशन कुठलं, आणि किती जिने चढायचे. हे शेवटचं अवश्य असू द्या. माझ्या वयाच्या वाचकांना बघायची इच्छा असते, गुडघ्यांचा अंदाज आधी यावा लागतो. ‘प्रवेश सर्वांना खुला’ असं असेल तर तेही स्पष्ट छापा; मी पहिल्या वेळी जिन्यातून परत फिरले ते हे तीन शब्द कुठे वाचले नव्हते म्हणून. समीक्षा नको, तारे नकोत, उद्घाटनाला कोण पाहुणे होते ते नको. कापूरबावडीच्या कलाभवनातलं चित्रप्रदर्शन, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचं वार्षिक प्रदर्शन, वागळेतल्या गाळ्यातलं गाणं, वाशीतल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरचं वाचन, सगळं एकाच मापाच्या अक्षरात, एकाखाली एक.

माणूस कमी आहे असं तुमच्याकडून उत्तर येईल, आणि ते खरंही असेल. तर हे काम मी करायला तयार आहे, विनामोबदला. नोंदी गोळा करीन, प्रत्येक ठिकाणी फोन करून तारीख आणि वेळ पडताळून घेईन, मुद्रितं तपासीन आणि गुरुवारी दुपारी बाराच्या आत जुळवलेला मजकूर तुमच्याकडे पाठवीन. ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडणार नाही, हे छत्तीस वर्षांच्या अनुभवावर सांगते. त्या दोन मुलांनी नवी मुंबईची बाजू सांभाळायचं कबूल केलं आहे.

हे लिहीत असताना समोरच्या रॅकवर त्यांच्या दुसऱ्या कार्यक्रमाची पोस्टरं वाळत आहेत. आज फक्त पिवळा रंग मारून झाला आहे. निळा परवा, काळा त्यानंतर. कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे, त्याच गाळ्यात, बावीस पायऱ्या चढून, आणि या वेळी आजीसुद्धा दोन गाणी म्हणणार आहेत. तारीख काळ्या रंगात छापायची आहे. तुमचं उत्तर त्याआधी आलं, तर यादीतली पहिली नोंद माझ्याकडे तयार आहे.

आपली नम्र,
एक मुद्रक आणि जुनी वाचक,
चरई, ठाणे (पश्चिम)

(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे.)